अँप्लिफायर रुळतो की आपला कान? शंभर तासांच्या एका साक्षीची चिकित्सा

१/
मंडळी, आजचा धागा नेहमीच्या वाटेवरचा नाही. नवा हाय-फाय अँप्लिफायर घेतला की विक्रेता बहुधा एक वाक्य ऐकवतो : "एवढ्यात मत बनवू नका, शंभर तास वाजू द्या, मग आवाज उघडेल." ध्वनिशौकीन याला ‘ब्रेक-इन’ म्हणतात, आपण ‘रुळणे’ म्हणू. अँप्लिफायर खरोखरच रुळतो काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्या उत्तरापर्यंत मी ज्या वाटेने पोहोचलो, ती वाट इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या अधिक कामाची आहे. म्हणून हा प्रपंच.

२/
मी शिरढोणचा. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचे गाव लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले. गेल्या वर्षी जयंतीच्या निमित्ताने आम्हा मुलांच्या मंडळाने वर्गणी काढून एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. व्याख्यानांना उपयोग व्हावा, आणि शनिवारी संध्याकाळी जुन्या नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रणे नीट ऐकता यावीत, एवढीच इच्छा. वर्गणी चाळीस घरांची होती. त्यामुळे प्रत्येक रुपयाला साक्षीदार होता.

३/
पहिल्याच संध्याकाळी हिरमोड झाला. आवाज मोठा होता, पण पोकळ. तबल्यातला डग्गा जणू कुणी उचलून नेला होता. गाणारा समोर बसला आहे असे वाटण्याऐवजी खोलीभर विखुरल्यासारखा वाटत होता. दुकानात दूरध्वनी केला. उत्तर आले : "नवीन आहे, शंभर तास वाजवा." माल बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची होती. रोज सात तास वाजवले तर शंभर तासांना पंधरा दिवस लागतात, हा हिशेब तेव्हा आमच्यापैकी कुणीही मांडला नाही.

४/
शंभर तास भरले. आम्ही सातजण पुन्हा ऐकायला बसलो. सहाजणांनी एकमुखाने सांगितले की आवाज उघडला आहे. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा. "खर्ज आता भरला, स्वरांना अंग आले" अशी शब्दकळाही मी वापरली. एकटा आमचा खजिनदार म्हणाला, "मला तर होते तसेच वाटते." आम्ही हसलो. मीच त्याला म्हणालो, "तुला कान नाही रे." तो गप्प बसला.

५/
पुढे काही आठवड्यांनी पनवेलचे एक वृद्ध रेडिओ-दुरुस्तीवाले काका सहज आमच्या खोलीत आले. दोन मिनिटे ऐकून ते उठले, उजव्या स्पीकरच्या मागे गेले आणि म्हणाले, "ही तार कुणी जोडली?" मीच जोडली होती. लाल तार काळ्या टोकाला आणि काळी लाल टोकाला. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे सरके त्या क्षणी दुसऱ्याचा मागे सरकत होता, आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना मारत होते. काकांनी तारा बदलल्या. डग्गा परत आला. पाच मिनिटांचे काम.

६/
आता नीट विचार करा. पहिल्या तासाला तार उलटी होती, शंभराव्या तासालाही उलटीच होती. ज्या खर्जाची मी वाखाणणी केली, तो खर्ज त्या खोलीत नव्हताच. तरीही आम्ही सहाजण खोटे बोलत नव्हतो. आम्हांला खरोखर फरक ‘ऐकू आला’ होता. प्रामाणिक साक्षीदार, एकमुखी साक्ष, आणि साक्ष चूक. इतिहासाच्या वर्गात दोन वर्षे हेच शिकत असलेल्या माणसाला याहून मोठी चपराक कोणती?

७/
म्हणून या समजुतीकडे मी दंतकथेकडे पाहावे तसे पाहू लागलो. दंतकथा बहुधा निव्वळ खोटी नसते. कुठल्यातरी काळी, कुठल्यातरी वस्तूविषयी ती खरी असते; मग ती आपल्या मूळ जागेवरून निसटते आणि दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढते. तेव्हा पहिला प्रश्न हा की, ‘वापराने वस्तू सुधारते’ हे नेमके कोठे खरे आहे?

८/
पायातल्या वहाणेपासून सुरुवात करू. नवी कोल्हापुरी वहाण चावते. तेल लावून, वापरून ती मऊ पडते. नवी स्कूटर घेतली की पहिले काही शे किलोमीटर वेग आवरता ठेवायला सांगत, कारण इंजिनातले धातूचे भाग एकमेकांवर घासून बसायचे असत. पहिल्या तेलबदलात त्या घासण्याचा धातूचा कीस निघे. दोन्ही ठिकाणी कारण उघड आहे : पदार्थ झिजतो, ताणला जातो, आकार घेतो.

९/
वाद्यांकडे या. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या तारा चढवल्या की त्या ताणल्या जातात आणि पुन:पुन्हा उतरतात. तबल्याची नवी पुडीही अशीच वाजवून, ओढून बसवावी लागते. आणि तानपुऱ्याचा आवाज ‘उघडतो’ तो जवारी लावल्यावर. म्हणजे कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसून तिला हवी ती वक्रता देतो तेव्हा.

१०/
या वक्र घोडीमुळे तारेच्या कंपनात काय घडते, यावर चं. वें. रामन यांनी १९२१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. लक्षात घ्या, तानपुरा ‘वाट पाहिल्याने’ उघडत नाही, माणसाच्या हाताने उघडतो. ‘आवाज उघडणे’ हा आपला सुंदर शब्दप्रयोग गवई-बजवय्यांच्या जगातला आहे. अँप्लिफायरच्या दुकानात तो ऐकला की आपल्या मनात तानपुरा उभा राहतो, आणि अर्धे काम तिथेच होते.

११/
स्पीकरचे काय? त्यात तथ्य आहे. त्याचा पडदा लवचीक कडेवर आणि आतल्या घडीदार कापडी आधारावर तोललेला असतो. तो आधार सुरुवातीच्या वापराने किंचित सैल पडतो आणि पडद्याची स्वाभाविक कंपनसंख्या थोडी खाली येते. हे मोजता येते. मात्र बराचसा बदल सुरुवातीलाच होऊन जातो, आणि पेटीत बसवलेल्या स्पीकरच्या आवाजावर त्याचा परिणाम अल्पच असतो.

१२/
आता अँप्लिफायरचे पूर्वज पाहू. काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ आजीच्या घरी ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल : बटण फिरवले की आधी दिवा लागे, आवाज अर्ध्या मिनिटाने येई. व्हॉल्व्हमधले ऋणाग्र तापल्याखेरीज इलेक्ट्रॉन सुटत नसत. शिवाय नवे व्हॉल्व्ह कारखान्यातच काही काळ चालवून स्थिर करीत. म्हणजे ‘थांबा, तापू द्या’ हा सल्ला त्या काळी सोळा आणे खरा होता.

१३/
दुसरा पूर्वज म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले तर हा थर कमकुवत होतो; मग एकदम पूर्ण दाब न देता हळूहळू वाढवत नेऊन तो पुन्हा घडवावा लागतो. जुने रेडिओ दुरुस्त करणारे आजही हे करतात. पण हे वर्षे अडगळीत काढलेल्या यंत्राविषयी झाले. नव्या, धडधाकट कपॅसिटरला शंभर तासांची साधना लागत नाही.

१४/
तिसरा पूर्वज केवळ शब्दाचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ‘बर्न-इन’ नावाची प्रक्रिया असते : नवे यंत्र काही तास सतत, बहुधा तापलेल्या स्थितीत चालवतात. हेतू आवाज गोड करण्याचा नसतो. ज्या भागांत जन्मजात दोष आहे ते गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधीच निकामी व्हावेत, हा असतो. ‘ब्रेक-इन’ आणि ‘बर्न-इन’ हे शब्द जवळचे, अर्थ मात्र दोन टोकांचे.

१५/
उरला आजचा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. त्यात घासून बसणारा भाग नाही, ताणली जाणारी तार नाही, मऊ पडणारे चामडे नाही. सुरू केल्यावर तो तापतो आणि काही मिनिटांत, फार तर तासाभरात, त्याचे तापमान स्थिरावते. पण हे दर वेळी घडते, शंभर तासांनंतर एकदाच नव्हे. याला तापणे म्हणावे, रुळणे नव्हे. म्हणजे वहाण, स्कूटर, तबला, स्पीकर, व्हॉल्व्ह या सर्वांच्या खऱ्या अनुभवांचा वारसा भलत्याच वारसदाराच्या नावावर चढला आहे.

१६/
यावर कुणी म्हणेल, "कारण सापडत नसेल, पण हजारो लोकांना फरक ऐकू येतो त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून दुसरी पायरी, साक्षीची तपासणी. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर चौदाएक वर्षांनी जिंजीला लिहिली गेली. चिटणिसांची बखर तर एकोणिसाव्या शतकातली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मूळ कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध करायला घेतले, ते बखरींवरच विसंबून इतिहास रचण्याला त्यांचा ठाम विरोध होता म्हणून. घटना आणि लेखणी यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढी कल्पनेला जागा.

१७/
आवाजाच्या बाबतीत हे अंतर फारच जीवघेणे ठरते. आवाजाचा सूक्ष्म तपशील मनात काही सेकंदच जसाच्या तसा टिकतो. पुढे उरतो तो ‘पोकळ होता’, ‘कर्कश होता’ असा शेरा. शंभर तासांनंतर आपण आजचा आवाज पंधरा दिवसांपूर्वीच्या आवाजाशी ताडत नाही. पंधरा दिवसांपूर्वीच्या शेऱ्याशी ताडतो. मूळ कागद हरवलेला, हातात फक्त बखर, आणि ती बखर लिहिणाराही आपणच.

१८/
त्यात कान स्वतः रुळतो. नव्या घरात पहिल्या रात्री पंख्याची घरघर झोपू देत नाही, आठवड्याने ती ऐकूही येत नाही. पंखा मात्र तोच असतो. त्यातच आवाजाचे बटण किंचित पुढे असले, फरक एका डेसिबलहून कमी असला, तरी आपल्याला तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटू शकतो. अपेक्षा, सवय आणि बटण या तिघांनी मिळून आमचा डग्गा वाजवला होता.

१९/
‘त्यानंतर घडले, म्हणून त्याच्यामुळे घडले’ हा फसवा तर्क आमच्या गावाच्या इतिहासालाही चाटून गेला आहे. मे १८७९ मध्ये फडक्यांच्या बंडातील दौलतराव नाइकाच्या टोळीने शिरढोणशेजारच्या पळस्प्याला दरोडा घातला. त्याच सुमारास पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. साहजिकच संशय बंडवाल्यांकडे वळला. पुढे आगीबद्दल खटला चालला तो मात्र सरकारी पुस्तककोठारातील माणसावर. दोन घटना एकाच आठवड्यात घडल्या म्हणून त्या एकाच हाताने घडल्या असे होत नाही.

२०/
आणखी एक कसोटी मला फार बोलकी वाटते. काळ जाताना वस्तूत जे आपसूक बदल होतात, ते काही आपल्या आवडीनिवडी विचारून होत नाहीत. काही चांगले, काही वाईट, असेच असायला हवेत. मग "शंभर तासांनंतर माझा अँप्लिफायर बिघडला, आधीच गोड होता" असे सांगणारा कुणी का भेटत नाही? प्रत्येक बदल सुधारणेकडेच जात असेल, तर बदल यंत्रात नसून ऐकणाऱ्यात आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

२१/
अशा दाव्यांची परीक्षा घेतली गेली आहे. ऑस्ट्रेलियात एकाच कारागिराने एकसारख्या लाकडातून दोन व्हायोलिने घडवली. एक संग्रहालयात जपून ठेवले, दुसरे व्यावसायिक वादकाने नियमित वाजवले. तीन वर्षांनंतर वादक आणि श्रोते यांच्यासमोर दोन्ही ठेवली, तेव्हा वाजवलेले व्हायोलिन सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. हे तर लाकूड, म्हणजे बदलू शकणारा पदार्थ! आणि १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये क्वाड कंपनीचा एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर जाणत्या श्रोत्यांना नाव न सांगता ऐकवले. त्यांना ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत.

२२/
"मोजमापात सगळे येत नाही, शेवटी कानच खरा," हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मला मान्यही आहे. म्हणूनच परीक्षा कानाचीच घ्यावी. एकाच बनावटीचे दोन अँप्लिफायर : एक शंभर तास वाजलेला, एक आजच खोक्यातून काढलेला. दोन्हींचा आवाज मोजून समान करावा, मध्ये पडदा लावावा, आणि बदलणाऱ्याने क्रम नाणे उडवून ठरवावा. वीस वेळा ओळखायला सांगावे. यात उपकरणाला नव्हे, कानालाच न्यायासनावर बसवले आहे. त्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे, एवढेच.

२३/
"असेना का भ्रम, ऐकणाऱ्याला आनंद मिळतो ना?" असेही मित्र विचारतात. आनंदाशी माझे भांडण नाही. माझे भांडण ‘थांबा’ या शब्दाशी आहे. त्या एका शब्दामुळे आम्ही पंधरा दिवस स्पीकरच्या मागे डोकावलो नाही. आमच्या नशिबाने दोष तारेत होता, फुकट सुटला. दोष यंत्रात असता, तर बदलून घेण्याची मुदत उलटून गेलेली असती आणि चाळीस घरांना मी काय उत्तर दिले असते? विक्रेता लबाड होता असे मी म्हणत नाही. बहुधा त्याचाही त्यावर विश्वास असावा. पण जे उत्तर शोध थांबवते, त्याचा उगम प्रामाणिक असला तरी ते उत्तर घातक असते.

२४/
शिवाय या दाव्याला हरण्याची सोयच नाही. शंभर तासांनी नाही उघडला तर दोनशे, तेवढ्यानेही नाही तर पाचशे. आणि तरीही ऐकू आले नाही तर "तुला कान नाही". इतिहासात असे दावे आपल्याला पावलोपावली भेटतात : पुरावा मिळाला तर सिद्ध, नाही मिळाला तर तो ‘नष्ट केला गेला’, आणि शंका घेतली तर शंका घेणाऱ्याची निष्ठाच संशयास्पद. कुठल्याही दाव्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, काय दिसले असता तू खोटा ठरशील? उत्तर नसेल तर ती श्रद्धा आहे. तिला इतिहास म्हणू नये.

२५/
नवा अँप्लिफायर घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तारांचे रंग आधी तपासा. स्पीकरची जागा हात-दोन हात बदलून पाहा. खोली आवाज जितका बदलते तितके शंभर तास बदलत नाहीत. घरघर, खरखर किंवा एका बाजूचा दबलेला आवाज हे दोष आहेत. ते वापराने जात नाहीत, दुरुस्तीने जातात. आणि बदलून घेण्याची मुदत संपण्याच्या आत निकाल लावा. पहिल्या आठवड्यात जो आवडत नाही, तो यंत्राच्या भरवशावर ठेवू नका.

२६/
शेवटी एक जाहीर कबुली. त्या संध्याकाळी सातजणांत खरी साक्ष एकट्या खजिनदाराची होती. बहुमत विरुद्ध होते, शब्दसंपत्ती माझ्याकडे होती, आणि त्याच्याकडे फक्त "होते तसेच वाटते" हे तीन शब्द होते. मी त्याची खाजगीत क्षमा मागितली आहे. पण अपमान चारचौघांत केला होता, म्हणून क्षमाही चारचौघांतच मागतो. मित्रा, कान तुलाच होता. आम्हांला नुसती जीभ होती.

२७/
तुमच्या घरी, गावच्या मंडळात किंवा एखाद्या जुन्या वस्तूच्या बाबतीत ‘वापराने सुधारते’ असा अनुभव असेल तर खाली अवश्य लिहा. फक्त आधी आणि नंतर यांच्यामध्ये आणखी काय काय बदलले होते, तेही लिहा. पुढचा धागा पळस्प्याच्या दरोड्यावर. तिथेही साक्षीदार पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जोडलेल्या तारा आपल्याला एकेक करून तपासायच्या आहेत.